रेवतीचे चाळीस क्यू

उजेड बघायचा तर माणूस स्टेजकडं बघतो. रेवती स्टेजकडं पाठ करून उभी राहायची अन् डावा डोळा मिटून पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघायची. मी शिडीवर, तापलेल्या दिव्याचं तोंड फिरवत हात पोळून घेतोय, अन् खाली ही बाई खुर्च्या न्याहाळतीय. पहिल्या दिवशी मी वरनंच ओरडलो, "ओ बाई, नट तिकडं नाय बसणार. तो तुमच्या पाठीमागं हाय."

"नट नाही, पण माणूस इथंच बसणार ना, काका," ती म्हणाली. "स्टेजवरचा उजेड त्याच्या तोंडापर्यंत किती येतो ते बघते. तोंडावर काहीच आलं नाही, तर तो घरी काय घेऊन जाणार?"

नाटकांना दिवे लावण्यात तेव्हा मला चाळीस वर्षं होत आली होती. भलेभले डायरेक्टर बघितले. खुर्च्यांकडं बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाय. हे लिहिताना कमीपणा वाटतो थोडा, पण लिहितो.

माझं फार सांगायचं नाय. अजिंठ्याकडच्या खेड्यातला मी, चौथी शिकलेला. बहात्तरच्या दुष्काळात औरंगाबादला आलो. आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, तेव्हा औरंगाबाद. आधी खडी फोडली, मग थिएटरात दिवे टांगायला लागलो अन् तिथंच डिमर फिरवायला शिकलो. मोठी हातानं फिरवायची चाकं असायची ती. उजेड वर नेणं, खाली आणणं, सगळं मनगटात. माझ्या हाताला तोड नव्हती, हे मी म्हणत नाय, लोक म्हणायचे. मी फक्त नाय म्हणायचो नाय.

रेवती वाळूजच्या एका कारखान्यातनं आली होती. तिथं मोठाल्या प्रेस मशिनींनी कधी दाबायचं, कधी थांबायचं, हे त्यांना शिकवून ठेवायचं काम तिच्याकडं. राहायला बजाजनगरात. आजे-पणजे गावचं दप्तर लिहिणारे, तीच लिहायची खोड हिच्या हातात उतरलेली. बारक्या अक्षरात, फाटक्या कागदावर, हातावर, कुठंही लिहायची. एका हौशी नाटकाला मदत म्हणून उजेडाच्या बोर्डवर बसली अन् परत कारखान्यात गेलीच नाय. तिची आई आम्हाला एकदा म्हणाली, "इंजिनेर केलं हो हिला, अन् ही बत्त्या लावतीय." रेवती म्हणाली, "लावत नाही गं आई, विझवते. लावायला काका आहेत."

एका शेठनं शहराबाहेर बायपासला, जिथं परवापरवापर्यंत तुरीचं रान होतं, तिथं बिल्डिंगा उठवल्या अन् मधोमध एक हॉल बांधला. तिथं दर शनिवारी-रविवारी संध्याकाळी एकच खेळ करायचा ठरला, आपल्या शहराखालच्या जुन्या नहरीचा. नहर म्हणजे जमिनीखालनं पाणी आणणारी जुनी वाट. स्टेजवर एकच नट, चामड्याच्या पखालीनं पाणी वाहणारा म्हातारा भिश्ती. मागं मोठा पडदा, त्यावर चित्रं हलणार. शेठनं मला दिव्यांना घेतलं अन् रेवतीला बोर्डवर. पडद्यावरची चित्रं पण तीच सोडणार.

बोर्ड म्हणजे एक सपाट पेटी. उजेडाचा एकेक बदल आधीच त्यात भरून ठेवायचा, त्याला क्यू म्हणतात. वेळ आली की एक बटण दाबायचं, त्याला गो म्हणतात. बास. चाळीस वर्षं माझ्या मनगटांनी केलं ते एका बोटावर आलं. मी तिथल्या तिथं शेठला सांगितलं, "मी त्या पेटीला हात लावणार नाय." शेठ हसला. रेवती हसली नाय.

हॉल पुरा व्हायचा होता, तोवर ती माझ्या जुन्या थिएटरात यायला लागली. डिमरशेजारी स्टूल टाकून बसायची, स्टीलच्या पेल्यात स्वतःचा चहा घेऊन. बोलायची नाय. तिसऱ्या प्रयोगानंतर म्हणाली, "काका, उजेड खाली आणताना तुम्ही श्वास सोडता. मी मोजला. साडेचार सेकंद. दर वेळी तेवढाच."

"मग?"

"मग तोच टाकणार आहे बोर्डात."

"माझा श्वास?"

"हो. पहिल्या क्यूला नाव पण तुमचंच देते."

राग यायला पायजे होता, अन् आला. आठ दिवस मी तिला 'बाई' म्हणत होतो. आमचं असंच होतं. सगळं नीट चाललं की रेवती अन् अगं-तुगं, राग आला की बाई अन् अहो-जाहो. ती पण ओळखायची. सकाळी आल्या आल्या विचारायची, "आज मी कोण आहे, काका?"

तिचे क्यू दहाच्या पटीत असायचे. दहा, वीस, तीस, असे चारशेपर्यंत. शेठनं एकदा वही बघून विचारलं, "मॅडम, क्यू चाळीस हैं, तर चारशे कशाला लिहिले?"

"मधले तीनशे साठ जब्बारभाईंचे आहेत," ती म्हणाली.

जब्बारभाई म्हणजे आमचा भिश्ती. सत्तरी ओलांडलेली, जुने नट, आवाज खर्जातला. पाठ केलेलं वाक्य त्यांनी दोन प्रयोगांत सारखं म्हटलं असं कधी झालं नाय. कधी मधीच बसायचे, कधी खोकायचे, कधी पखालीशीच बोलायचे. डायरेक्टर डोकं धरायचा. रेवती मात्र दुसऱ्या दिवशी त्या खोकल्याला जागा करून द्यायची. "बघा, पस्तीस नंबर मोकळा होता. बसला की नाही?" जब्बारभाई म्हणायचे, "बेटी, तू मेरी खाँसी को भी लायटिंग देती. घर में तो कोई पानी भी नईं पूछता."

दुसरे बोर्डवाले क्यूवर इंग्रजीत खुणा करतात. हिनं सगळं मराठीत लिहिलेलं, अन् मोठ्या अक्षरात. तेही उजेडाचं नाव नाय, नटाचं काम. 'म्हातारा बसतो.' 'पखाल खाली.' 'हात कोरडा.' शेठ म्हणाला, बाहेरचा कुणी आला तर? ती म्हणाली, शिकेल. मला वाटलं, आपल्या भाषेचा अभिमान असंल. खरं कारण मला लई उशिरा कळलं.

ती सालं पाण्याची होती, म्हणजे पाणी नसलेली. लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते साल त्यातलंच. एकीकडं बायपासला दर महिन्याला नवी बिल्डिंग उभी राहतीय अन् त्याच बिल्डिंगीखाली टँकरमागं हंड्यांची रांग. आमच्या हॉलचा गारवा पाण्यावर चालायचा, तो बंद. दुपारी दारांना काळे पडदे लावून आम्ही आत शिजत बसायचो. रेवती ओढणी भिजवायची म्हणून बाटलीत तळाला उरलेलं घोटभर पाणी बघायची अन् मग ते पिऊनच टाकायची.

त्या उन्हाळ्यात तिनं पाण्याचा क्यू केला. खेळाच्या शेवटी भिश्ती रिकामी पखाल उलटी करतो अन् मागं पडदाभर पाणी येतं. ते पाणी तिनं मागच्या एका चांगल्या पावसाळ्यात स्वतः टिपलेलं होतं. पडद्यावर आल्या आल्या मी ओळखलं. वाघूर नदी, अजिंठ्याच्या लेण्यांखालची. आमच्याकडचं पाणी. मी तिला म्हणलं, "ही तर आमची नदी. आत्ता तिथं गुरं पण थांबत नायत."

"म्हणून तर जपून वापरतेय," ती म्हणाली.

ती फिल्म अकरा-बारा सेकंदांची. पण पाणी पडद्यावर पायजे तितका वेळ वाहत राहिलं पायजे अन् कुठं जोड दिसला नाय पायजे. त्यासाठी दोन दिवस बसली. पुढं-मागं, पुढं-मागं. "पाण्याचं शेपूट अन् तोंड जुळतच नाही, काका." मला काय कळणार? पण मीही शेजारी खुर्ची टाकून बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका दगडावर पाणी फुटत होतं तिथं मी बोट दाखवलं. "इथं तोड. इथं नायतरी तुटतंच हाय." तिनं तोडलं, जोडलं. मग नुसतं वाहत राहिलं. आम्ही दोघं किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक. जिभा कोरड्या अन् समोर ती नदी.

अन् त्याच क्यूला तिच्या हातनं चूक झाली. तिची एवढीच चूक मला माहीत हाय.

सोय म्हणून तिनं त्या जागी चार क्यू एकमेकांना बांधले होते. पखाल उलटी झाली की एकदा दाबायचं. पुढं सहा सेकंदांनी पाणी आपोआप, आणखी दहानं भिश्तीवरचा दिवा आपोआप जाणार अन् स्टेजवर पलीकडं मांडलेल्या हौदावर येणार. पहिल्या खेळाला शेठनं बजाजनगरातली अन् आसपासच्या वस्तीतली माणसं फुकट बोलावली. हॉल खच्चून भरला. जब्बारभाईंनी पखाल उलटी केली, एक थेंब नाय पडला. हॉल चिडीचूप. मागं धाडकन पाणी आलं, अन् मागच्या रांगेतनं एक बाई मोठ्यानं ओरडली, "अगं ऊठ, टँकर आला!"

सगळा हॉल हसला. एकदा हसून थांबलेला परत हसला. जब्बारभाई थांबले, त्यांचं शेवटचं वाक्य तोंडात धरून. माणसं शांत झाली की बोलणार. पण पेटीला काय ठाऊक? दहा सेकंद झाले, जब्बारभाईंवरचा उजेड गेला अन् रिकाम्या हौदावर झगझगीत पडला. अंधारातनं खर्जात आवाज आला, "बेटी, मैं इधरइच हूँ."

मग तर विचारू नका. माणसं खुर्च्यांवरनं पडायची राहिली. शेठ पण हसत होता. लोकांना आवडलं, मॅडम, म्हणाला.

रेवती बोर्डमागं तशीच बसून राहिली. माणसं गेल्यावर मला म्हणाली, "काका, त्यांना हसायला मी दहाच सेकंद दिले होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन तिनं सगळ्या गाठी सोडल्या. एकूण एक क्यू हातावर घेतला. "मशिनीला हसू ऐकू येत नाही. इथं कान असलेलं माणूसच पाहिजे." पुढच्या रविवारी परत कुणीतरी टँकरचं काहीतरी बोललं, परत हॉल हसला. रेवतीनं बोट बटणावर ठेवलं अन् दाबलं नाय. पाणी वाहतंय, माणसं हसतायत, म्हातारा उभा. हसणं हळूहळू ओसरलं. कुणीतरी नाक ओढलं. मग हॉल असा शांत झाला की मला माझ्या शिडीचं लाकूड वाजलेलं ऐकू आलं. तेव्हा जब्बारभाई बोलले, "मेरा क्या है, मैं तो ढोता था. प्यासे तो तुम थे." मग तिनं दाबलं. पहिल्या रांगेतल्या माणसांच्या तोंडावर निळा उजेड हलत होता. तेव्हा मला खुर्च्यांकडं बघणं म्हणजे काय ते कळलं. तिला तसं बोललो मात्र नाय.

दोन वर्षं असं चाललं. सत्तेचाळीस झाले होते क्यू.

मग तिच्या नवऱ्याची बदली झाली. त्याच्या कारखान्याचा एक भाग तिकडं दक्षिणेत, होसूरला हलला, त्याच्यासंगं तो. महिनाभरात जायचं ठरलं. शेठ म्हणाला, "बोर्डवर बसायला माणूस द्या, नायतर सगळा खेळ घड्याळाला बांधून टाका. सुरू केला की आपोआप शेवटपर्यंत."

जब्बारभाई म्हणाले, "मैं घड़ी के साथ ॲक्टिंग करूँ? इस उमर में?"

सगळा खेळ पाठ असलेलं माणूस रेवतीशिवाय एकच होतं. मी.

ती पहिल्यांदा सहज बोलली, चहा पिता पिता. "काका, तुम्ही बसाल ना?" मी म्हणलं, मी शिडीचा माणूस. दुसऱ्यांदा आठ दिवसांनी. मी म्हणलं, डोळ्यांना बारीक दिसत नाय. तिनं बोर्डचा पडदा माझ्याकडं फिरवला. अक्षरं बोटभर होती. मी म्हणलं, चष्मा घरी हाय.

तिसऱ्यांदा तिनं जब्बारभाईंच्या देखत विचारलं. मी म्हणलं, "एकदा सांगितलं ना, त्या पेटीला हात लावणार नाय." ती जवळ आली अन् हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्हाला वाचता येतं. हळू येतं, एवढंच. जब्बारभाई पण हळूच बोलतात. मी नावं तुमच्यासाठीच लिहिलीयत, पहिल्या दिवसापासून."

म्हणजे हिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी दिव्यांच्या खोक्यावरचं नाव वाचायच्या आधी खोकं हलवून बघतो, कागद आला की 'तूच वाच' म्हणतो, सगळं. चाळीस वर्षांत कुणाला कळलं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. मी पक्कड टेबलावर टाकली. "बाई, तुम्ही तुमच्या पेटीला शिकवा. मला शिकवू नका." अन् निघालो.

दोन दिवस गेलो नाय. घरी बसून होतो. तिसऱ्या दिवशी वाटलं, जावं, बसावं, काय होईल ते होईल. गेलो तर खेळ बांधून झाला होता. शेठ थांबला नव्हता. मागच्या बारा खेळांची तिनं टिपणं ठेवलेली होती, कुठं किती हसले, जब्बारभाई कुठं किती थांबले. त्यावरनं तिनं घड्याळ लावून दिलं. जितकं मायेनं बांधता येतं तितकं बांधलं. हसण्याला सव्वीस सेकंद.

मी म्हणलं, "मी बसणार होतो."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती रडणार असं वाटलं, पण ती नुसती म्हणाली, "परवा यायचं होतं, काका."

पुढचं आधीच सांगून टाकतो. खेळ घड्याळावर दीड वर्षं चालला. कधी माणसं जास्त हसायची, कधी हसायचीच नाय, सव्वीस सेकंद मात्र तेवढेच. जब्बारभाई सहा महिन्यांत थकले, अन् गेले. मग त्यांचा आवाज पण पेटीतनंच वाजायला लागला. शेठनं हॉल लग्नांना देऊन टाकला. पाऊस पुढं झाले, चांगले झाले. रेवतीचा फोन दिवाळीला यायचा. मी दोन वाक्यं बोलायचो. स्वतः एकदाही केला नाय. नंबर भिंतीवर लिहिलेला हाय. तिचंच अक्षर, मोठं. कधी कधी त्याच्यासमोर उभा राहतो. लोक विचारतात, काका, नव्या पुलावरचे रंगीत दिवे बघितले का? बघितले. आपोआप बदलतात. ते बदलायच्या आधी कुणी कुणाच्या तोंडाकडं बघतंय का, एवढंच माझ्या मनात येतं.

ती जायच्या आदल्या दिवशीची दुपार सांगायची राहिली.

मी पत्र्याच्या पेट्या आवरत होतो. ती आली अन् म्हणाली, "काका, मी हा खेळ समोर बसून कधी बघितलाच नाही. घड्याळाच्या आधीची, हातानं चालवायची जुनी फाईल लावलीय. एकदा चालवा." मी हो म्हणलं नाय, नाय पण म्हणलं नाय. जब्बारभाई बनियन-लुंगीवरच स्टेजवर जाऊन उभे राहिले. ती पाचव्या रांगेत मधोमध बसली, बूट काढून, पाय खुर्चीवर घेऊन.

मी पेटीसमोर बसलो. वाचलं, 'भानुकाका.' दाबलं. हॉलमधला उजेड खाली आला, माझ्या श्वासानं. वाचलं, 'म्हातारा बसतो.' जब्बारभाई बसले. दाबलं. एका ठिकाणी बोट उशिरा पडलं, जब्बारभाई हसले अन् तेवढं वाक्य लांबवलं. तिनं मागं वळून बघितलं नाय. एकेक वाचत गेलो. अडखळलो, पण माणूस स्टेजवर अडखळतंच होतं की, अन् दोघांचं जमत होतं. सगळं जमत होतं.

पखाल उलटी झाली. पाणी आलं. हसायला कुणी नव्हतं. जब्बारभाईंनी शेवटचं वाक्य म्हटलं. मी दाबलं, त्यांच्यावरचा उजेड हौदावर गेला, अन् ते पण पडद्याकडं वळून बघत राहिले. निळा उजेड हलत होता, अन् त्यात पाचव्या रांगेत एकटं तिचं डोकं. वाघूर वाहत होती.

पुढचा क्यू शेवटचा. मी वाचला. 'अंधार.' परत वाचला. बोट बटणावर होतं.

लई वेळ झाला असंल. जब्बारभाई स्टेजवरनं म्हणाले, "भानुभाई, सो गए क्या?"

तिनं तशीच पडद्याकडं बघत हात वर केला. "थांबा, जब्बारभाई," ती म्हणाली. "काका दाबतील."